विकत घेतलेले लढाऊ विमान घरी कसे येते?



आठवड्याच्या बाजारात बैलाचा सौदा झाला, की दावे एका हातातून दुसऱ्या हातात जाते, रुपये मोजले जातात आणि नवा धनी बैलाला चालवीत आपल्या गावी नेतो. माल स्वतःच्या पायांनी घरी येतो. हमाल नको की गाडी नको. लढाऊ विमानाच्या खरेदीचेही वरवर पाहता असेच असावे असे वाटते. वस्तू उडणारी, वैमानिक तयार; टाकी भरली, आकाशात झेप घेतली आणि मायदेशी उतरले. यात व्याख्यान देण्यासारखे ते काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

परंतु वस्तुस्थिती तशी नाही. लढाऊ विमान हा अत्यंत वेगवान पण अत्यंत तोकड्या पल्ल्याचा प्राणी आहे. प्रवासी विमान बांधणाऱ्याने पहिला विचार अंतराचा केलेला असतो. लढाऊ विमान बांधणाऱ्याने वेग, चपळाई आणि शस्त्रे यांचा केलेला असतो, आणि इंधनाला उरलेली जागा दिलेली असते. फ्रान्सचे राफेल हे विमान घ्या. पंखांखाली व पोटाखाली जादा टाक्या बांधल्या, तरी ते एका दमात सुमारे ३७०० किलोमीटर जाते. आपल्याकडे आलेली पहिली पाच राफेल विमाने ज्या मार्गाने आली, तो मार्ग जवळजवळ ८५०० किलोमीटरांचा होता. म्हणजे विकत घेतलेल्या वस्तूला घराची निम्मी वाटही स्वतःच्या बळावर कापता येत नाही. उरलेली वाट कोणाच्या बळावर कापायची, हा या विषयातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू लागलो, की यंत्रशास्त्राबरोबर कायदा, भूगोल आणि राजकारण ही तिन्ही शास्त्रे समोर येऊन उभी राहतात.

प्रथम ‘ताबा’ या शब्दाचा अर्थ पाहू. कारखान्यातून बाहेर पडलेले विमान प्रथम कंपनीचा वैमानिक उडवून पाहतो. त्यात दिसलेल्या उणिवा दुरुस्त झाल्या, की खरेदीदार देशाचे वैमानिक आणि तंत्रज्ञ येतात व तेच विमान आपल्या पद्धतीने तपासतात. आकाशातील परीक्षेइतकीच कागदावरची परीक्षाही कडक असते. विमानातील प्रत्येक महत्त्वाच्या भागाला स्वतःचा क्रमांक व स्वतःची जन्मपत्रिका असते. तो केव्हा बसविला, किती तास चालला, किती तासांनी बदलावयाचा, हे सर्व तीत लिहिलेले असते. हे कागद जुळले नाहीत तर विमान कितीही देखणे असले तरी जाणता खरेदीदार सही करीत नाही. शिवाय विकणाऱ्या देशाच्या सरकारचा निर्यात परवाना लागतो, आणि घेणाऱ्याने लिहून द्यावे लागते की हे विमान आम्हीच वापरू, तुमच्या संमतीवाचून तिसऱ्याला देणार नाही. एवढे सगळे झाल्यावर ताब्याच्या कागदावर सही होते. त्या क्षणापासून विमान पडले, मोडले, तर नुकसान कोणाचे, हे करारात आधीच लिहिलेले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ताबा मिळणे आणि विमान घरी येणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत. भारताने छत्तीस राफेल विमानांचा करार २३ सप्टेंबर २०१६ रोजी केला. पहिले विमान ८ ऑक्टोबर २०१९ रोजी फ्रान्समधील बोर्दो शहराजवळ मेरिन्याक येथे संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या स्वाधीन झाले. तो दिवस दसऱ्याचा होता आणि हवाई दलाच्या वर्धापनाचाही. विमानावर ॐ रेखला गेला, नारळ ठेवला गेला, चाकांखाली लिंबे ठेवली गेली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करणाऱ्या आपणा लोकांना त्यात नवल वाटले नाही. इतरांनी त्यावर बरीच चर्चा केली. ते काही असो. मुद्दा असा की पूजा झालेले ते विमान त्या दिवशी भारतात आले नाही. आपले वैमानिक आणि तंत्रज्ञ यांच्या शिक्षणासाठी विमाने तेथेच राहिली, आणि पहिली पाच विमाने अंबाल्याला उतरली ती २९ जुलै २०२० रोजी, म्हणजे नऊ महिन्यांहून अधिक काळाने.

आता वाटेकडे वळू. पहिली अडचण आकाशाच्या मालकीची. प्रवासी विमानांना परदेशांवरून जाण्याच्या सवलती आंतरराष्ट्रीय करारांनी मिळालेल्या आहेत. लष्करी विमानाला तशी सवलत नाही. १९४४ साली शिकागो येथे झालेल्या करारात स्पष्ट म्हटले आहे की एका राज्याचे सरकारी वा लष्करी विमान दुसऱ्या राज्यावरून त्याच्या खास परवानगीवाचून जाणार नाही. त्यामुळे निघण्यापूर्वी वाटेवरच्या प्रत्येक देशाकडे वकिलातीमार्फत अर्ज करावा लागतो, तारीख, मार्ग आणि विमानांची संख्या कळवावी लागते. जो देश होकार देत नाही, किंवा ज्याला विचारण्याचीच सोय नसते, त्याला वळसा घालावा लागतो. राफेल विमानांनी पाकिस्तानचे आकाश टाळून अरबी समुद्रावरून यावे, याचे कारण नकाशाकडे पाहणाऱ्या शाळकरी मुलालाही कळेल.

कायद्याची मर्यादा कधीकधी किती विचित्र रूप घेते, याचे एक जुने उदाहरण सांगतो. ते लढाऊ जेटचे नव्हे, दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभीच्या पंख्याच्या विमानांचे आहे. अमेरिका तेव्हा तटस्थ होती आणि १९३९ च्या तटस्थतेच्या कायद्यान्वये ब्रिटनने विकत घेतलेली विमाने युद्धात उतरलेल्या कॅनडात उडवीत नेण्याची अमेरिकन वैमानिकांना मुभा नव्हती. तेव्हा विमाने सरहद्दीलगतच्या मैदानावर उतरवीत आणि तेथून घोडे किंवा ट्रॅक्टर जुंपून पलीकडे ओढून नेत. हजारो मैल उडण्यासाठी बांधलेले यंत्र शेवटचे काही हात घोड्यांच्या जोरावर चालले! हसू येते खरे. पण कायद्याच्या दृष्टीने त्या काही हातांतच मालकी बदलत होती.

विमान घरी आणण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला म्हणजे ते उडवीत आणणे. याचीही एक जुनी व एक नवी तऱ्हा आहे. जुनी तऱ्हा मुक्काम घेत येण्याची. भारताने फ्रान्सकडून घेतलेली उरागां विमाने, ज्यांना आपण ‘तूफानी’ हे नाव दिले, त्यांतील पहिली चार २४ ऑक्टोबर १९५३ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावर उतरली, ती अशीच लांबचा प्रवास करून. १९८५ साली आलेली मिराज २००० विमानेही उडतच ग्वाल्हेरला आली. प्रत्येक मुक्कामावर योग्य जातीचे इंधन, पुरेशी लांब धावपट्टी, पहारा, आणि काही बिघडले तर हाताशी तंत्रज्ञ हवा. म्हणजे वाटेवर मित्र हवेत. पूर्वी बैलगाडीच्या प्रवासात ज्या गावी सोयरे त्या गावी मुक्काम ठरे. विमानांचा प्रवासही तसाच आखला जातो.

नवी तऱ्हा आकाशातच इंधन घेण्याची. इंधन वाहून नेणारे मोठे विमान बरोबर निघते. ते आपल्या मागे एक लांब लवचीक नळी सोडते. नळीच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी एक टोपली असते. राफेलच्या नाकासमोर एक आखूड नळी पुढे आलेली असते. वैमानिक आपले विमान हळूहळू पुढे आणतो आणि ती नळी टोपलीत नेमकी बसवितो. दोन्ही विमाने ताशी शेकडो किलोमीटर वेगाने जात असतात, पण एकमेकांच्या मानाने ती जवळजवळ स्थिर असतात. धावत्या गाडीत समोरासमोर बसलेल्या दोन प्रवाशांनी एकमेकांना पाण्याचा पेला द्यावा, तसे. अमेरिकी एफ-१६ विमानाची रीत वेगळी. तेथे इंधनवाहू विमानातील माणूसच एक ताठ नळी खाली उतरवून विमानाच्या पाठीवरील छिद्रात बसवितो. खालच्या वैमानिकाने फक्त आपली जागा सोडावयाची नसते.

पुष्कळांचा असा समज असतो की टाकी रिकामी होत आली की इंधन घ्यावयाचे. वस्तुतः समुद्रावरील प्रवासात तसे कोणी करीत नाही. समजा ऐन वेळी नळी जुळलीच नाही, तर काय? म्हणून आखणी अशी करतात की मार्गावरील कोणत्याही बिंदूवर, इंधन घेण्याचा प्रयत्न फसला तरी, टाकीत असलेल्या इंधनावर जवळच्या एखाद्या सुरक्षित विमानतळावर पोहोचता यावे. त्यामुळे टाकी अर्धीअधिक भरलेली असतानाही पुन्हा भरून घेतली जाते. वाळवंटातून जाणारा शहाणा माणूस विहीर दिसली की पखाल भरून घेतो, ती कोरडी पडण्याची वाट पाहत नाही.

आता २०२० चा प्रवास पाहा. पाच विमाने २७ जुलै रोजी मेरिन्याकहून निघाली. नेतृत्व ग्रुप कॅप्टन हरकिरत सिंह यांच्याकडे होते. पहिला टप्पा ५८०० किलोमीटरांचा. तो साडेसात तासांत पार पडला, आणि त्यात फ्रेंच हवाई दलाच्या इंधनवाहू विमानाने त्यांना आकाशात इंधन पुरविले. मुक्काम संयुक्त अरब अमिरातीतील अल दफ्रा येथे. दुसरा टप्पा २७०० किलोमीटरांहून थोडा अधिक. राफेलचा पल्ला पाहता हा टप्पा एका दमात होण्यासारखा होता. तरीही आपल्या हवाई दलाच्या इंधनवाहू विमानाने वाटेत इंधन दिले, ते वर सांगितलेल्या सावधगिरीमुळे. अरबी समुद्रावर आपल्या ‘कोलकाता’ या युद्धनौकेने बिनतारी संदेशाने स्वागत केले, पुढे दोन सुखोई विमाने सोबतीला आली, आणि अंबाल्याला पाण्याच्या फवाऱ्यांची कमान उभारली गेली. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला पुढची तीन विमाने मात्र कोठेही न थांबता, आठ तासांहून अधिक वेळ उडत, थेट जामनगरला आली. आठ तास म्हणजे वैमानिकाने पट्ट्यांनी आसनाला जखडून आठ तास बसणे. उठणे नाही, पाय मोकळे करणे नाही. छायाचित्रात दिसणारे हसतमुख चेहरे कशातून आलेले असतात, याची त्यावरून कल्पना यावी.

दुसरा मार्ग समुद्राचा. १९४० साली भूमध्य समुद्र धोक्याचा झाला, तेव्हा ब्रिटिशांनी आपली हरिकेन लढाऊ विमाने खोक्यांत घालून पश्चिम आफ्रिकेतील ताकोराडी बंदरात उतरविली, तेथे ती जोडली, आणि दोन इंजिनांच्या एखाद्या वाटाड्या विमानामागे त्यांचे तांडे करून आफ्रिका खंड ओलांडून इजिप्तला नेली. सोव्हिएत रशियाकडून घेतलेली आपली पहिली मिग-२१ विमानेही अशीच जहाजाने मुंबईला आली. सांताक्रूझ येथे रशियन तंत्रज्ञांनी ती जोडली, आणि १९६३ साली ती चंदीगडच्या तुकडीत गेली. समुद्रमार्ग स्वस्त आहे, पण संथ आहे, आणि खारी हवा धातूची वैरीण. म्हणून इंजिनात संरक्षक तेल भरतात, सांधे बंद करतात, अंगावर आवरणे चढवितात. पोहोचल्यावर पुन्हा जोडणी, पुन्हा परीक्षा, पुन्हा चाचणीचे उड्डाण. स्वीडनमध्ये तयार झालेले ग्रिपेन विमान सप्टेंबर २०२० मध्ये ब्राझीलच्या नावेगांतिस बंदरात जहाजातून उतरले आणि बंदरापासून विमानतळापर्यंत शहराच्या रस्त्यांवरून ओढत नेण्यात आले. आवाजाहून वेगवान यंत्र, आणि पुढे ओढणारे वाहन माणसाच्या चालीने!

समुद्रमार्गाचा सर्वांत देखणा प्रकार मुंबईकरांनी पाहिला. ‘विक्रांत’ ही आपली पहिली विमानवाहू नौका ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली आणि ३ नोव्हेंबर १९६१ रोजी मुंबईस आली. ब्रिटनकडून घेतलेली सी हॉक लढाऊ विमाने तिच्याच अंगावरून आली. विमाने आणि त्यांचा तळ दोन्ही एकाच वेळी घरी येण्याचा असा प्रसंग विरळाच.

तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या विमानाच्या पोटातून येणे. याचे उदाहरण आपल्या पुण्याजवळचेच आहे. २००२ साली सुखोई-३० एमकेआय विमाने रशियाहून अँतोनोव १२४ या प्रचंड मालवाहू विमानांतून लोहगावला आली. त्या मालवाहू विमानाचे पोट सुमारे ३६ मीटर लांब आणि साडेसहा मीटरांच्या आसपास रुंद. सुखोईची लांबी बावीस मीटर; ती मावते. परंतु पंखांचा विस्तार पावणेपंधरा मीटर. तो मावत नाही. म्हणून पंख काढून निराळे ठेवावयाचे आणि लोहगावला पुन्हा जोडावयाचे. हा मार्ग जलद, पण महाग. शिवाय जोडणी करणारे तंत्रज्ञ आणि त्यांची अवजारे विमानाच्या आधी येऊन बसलेली हवीत.

आणखी एक चौथा मार्ग आहे, तो रूढ अर्थाने मार्ग नव्हे. विमान आराखड्यांच्या, साच्यांच्या आणि सुट्या भागांच्या रूपाने येते व घेणाऱ्याच्या देशात बांधले जाते. नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात प्रथम मिग-२१ आणि पुढे सुखोई याच रीतीने बांधली गेली. डिसेंबर २००० मध्ये १४० सुखोई विमाने भारतात बांधण्याचा करार झाला, आणि २००४ साली नाशिकचे पहिले सुखोई हवाई दलाला मिळाले. विमानापेक्षा ज्ञान आणणे अधिक कठीण. त्याला वर्षे लागतात आणि ते कोणत्याही जहाजात मावत नाही. परंतु एकदा ते कारागिरांच्या हातात उतरले की परत मागता येत नाही.

‘परत मागता येत नाही’ हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण विकलेली विमाने वाटेतच अडविली गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. इस्राएलने फ्रान्सकडे पन्नास मिराज ५ विमानांची मागणी नोंदविली होती. १९६७ च्या युद्धाच्या सुमारास फ्रान्सने बंदी घातली आणि ती विमाने अखेर फ्रान्सच्याच हवाई दलात गेली. आर्जेंटिनाने फ्रान्सकडून चौदा सुपर एतांदार विमाने घेतली होती. १९८२ साली फॉकलंड बेटांचे युद्ध पेटले तेव्हा पाचच विमाने आणि जहाजांवर सोडावयाची एक्झोसेट क्षेपणास्त्रेही पाचच पोहोचली होती. फ्रान्सने उरलेला माल थांबविला. तेवढ्यानेही ब्रिटनची ‘शेफील्ड’ ही नौका गमावली गेली. सगळा माल वेळेवर पोहोचला असता तर काय झाले असते, हा प्रश्न लष्करी इतिहासकारांना आजही सुटलेला नाही.

पाकिस्तानची गोष्ट आपणास अधिक जवळची. १९९० साली अमेरिकेने अण्वस्त्रांच्या कारणावरून पाकिस्तानला लष्करी मदत बंद केली. तोवर पैसे भरलेली अठ्ठावीस एफ-१६ विमाने कारखान्यातून निघाली ती कराचीकडे न जाता अॅरिझोनाच्या वाळवंटातील विमानांच्या गोदामात गेली. आठ वर्षे वाटाघाटी चालल्या. १९९८ साली काही रोख आणि काही मालाच्या रूपाने हिशेब मिटला, आणि त्या विमानांपैकी काही पुढे अमेरिकन नौदलाच्या सरावात शत्रुपक्षाची भूमिका वठवू लागली. तुर्कस्तानचे तर याहून नवल. २१ जून २०१८ रोजी टेक्सासमध्ये समारंभपूर्वक त्याचे पहिले एफ-३५ विमान सादर झाले, तुर्की वैमानिक अमेरिकेत त्याचे शिक्षणही घेऊ लागले. पण तुर्कस्तानने रशियाकडून विमानविरोधी क्षेपणास्त्रे घेतल्यावर जुलै २०१९ मध्ये अमेरिकेने त्याला त्या योजनेतून वगळले. समारंभ झाला, भाषणे झाली. विमान मात्र अमेरिकेतच राहिले.

आपण ज्या देशाशी वैर धरतो त्याची अशी फजिती ऐकून टाळ्या वाजविण्याचा मोह होतो, हे मी जाणतो. पण त्या जागी उद्या कोणताही खरेदीदार देश असू शकतो, आणि आपण जगातील मोठ्या खरेदीदारांपैकी एक आहोत. शिवाय विमान सुखरूप उतरले म्हणजे भय संपले असेही नाही. त्याच्या इंजिनाचे भाग ठराविक तासांनी बदलावे लागतात. ते भाग पुन्हा त्याच वाटेने, त्याच परवान्यांनी यावयाचे असतात. एका अर्थाने विमानाचे पोहोचते होणे त्याच्या आयुष्यभर, तीस-चाळीस वर्षे, चालूच असते. विकणाऱ्याने हात आखडला तर हँगरमध्ये उभे असलेले विमानही हळूहळू न पोहोचलेल्या विमानासारखे होते.

म्हणून यापुढे वर्तमानपत्रात नव्या विमानाचे छायाचित्र दिसेल, तेव्हा किंमत आणि वेग या दोन आकड्यांवर थांबू नये. आणखी तीन प्रश्न विचारावेत. वाटेत त्याला इंधन कोणी दिले आणि कोणाच्या तळावर ते थांबले? ते बिघडले तर दुरुस्त करणारे हात आपले आहेत की परक्यांचे? आणि विकणाऱ्याचे मन उद्या फिरले, तर ते किती दिवस उडत राहील? या प्रश्नांची उत्तरे समारंभाच्या भाषणांत सहसा नसतात. ती असतात करारनाम्याच्या बारीक अक्षरांत, इंधनवाहू विमानांच्या संख्येत आणि ओझरसारख्या ठिकाणी कामाला लागलेल्या कारागिरांच्या कौशल्यात. बैलाचे दावे हातात आले तरी वैरण आणि पाणी आपल्या रानात आहे की नाही, हे शेतकरी सौदा करण्यापूर्वीच पाहतो. राष्ट्रानेही तेच पाहावयाचे असते, आणि आपले राष्ट्र ते पाहते की नाही हे विचारण्याचा अधिकार करभरणाऱ्या प्रत्येक नागरिकाला आहे.